आधी म्यान, मग पातं: ईशान्येकडचे दाओ जमवू पाहणाऱ्यांसाठी

दाओ म्हणजे ईशान्येकडच्या डोंगरी लोकांचं कोयत्यासारखं रुंद पात्याचं हत्यार. तो घ्यायला निघालेला माणूस आधी पात्याकडे बघतो. लांबी किती, वजन किती, लोखंड किती काळं पडलंय, टोक कसं वळलंय. विकणाराही तेच पुढे करतो आणि लाकडी म्यान बाजूला ठेवून देतो, जणू ते वेष्टन आहे. या लेखात मी उलटा क्रम सांगणार आहे. आधी म्यान हातात घ्या, पातं नंतर. पात्याला दर काही दिवसांनी धार लावली जाते, त्यात ते झिजतं. मूठ फुटली की दुसरी बसते. म्यानाला मात्र कोणी घासत नाही, त्यामुळे वापराच्या खुणा त्याच्यावर साठत जातात. ते दाओ कुणी, कसं, किती वर्षं कमरेला बांधलं हे त्या खुणांवरून बरंचसं कळतं.

उघड्या, म्हणजे एका बाजूने मोकळ्या, म्यानाची पाती आशियात बऱ्याच ठिकाणी सापडतात: नागालँड, अरुणाचल, म्यानमारचा काचिन प्रदेश, तैवानचे डोंगर, फिलिपाईन्समधला लुझोनचा पहाडी भाग. सगळं एकदम जमवायला जाऊ नये. भारतातल्या माणसाला सुरुवात नागा दाओपासून करणं सोयीचं. तो प्रदेश आपल्या आवाक्यात आहे, संग्रहालयं पाहता येतात, आणि ज्यांच्या घरात दाओ आजही वापरात आहे त्यांच्याशी बोलता येतं. म्हणून इथला मुख्य धागा नागा दाओचा, बाकीचे शेजारी ओघात येतील.

उघडं म्यान कशासाठी

आपल्या तलवारीचं म्यान म्हणजे दोन लाकडी फळ्या जोडून वर कातडं किंवा मखमल चढवलेली बंद नळी. उघडं म्यान एकाच लाकडात कोरतात. एका बाजूने पात्याच्या आकाराची खाच, दुसरी बाजू मोकळी. पातं बाहेर पडू नये म्हणून मोकळ्या बाजूवर वेताचे वेढे, नाहीतर लोखंडाच्या, पितळेच्या आडव्या पट्ट्या. काही म्यानं पात्यापेक्षा आखूड असतात आणि टोक सरळ बाहेर दिसतं.

यामागे कंजुषी नाही, हिशोब आहे. दाओचं पातं मुठीजवळ अरुंद आणि टोकाकडे रुंद, टोक बहुधा चौकोनी. असं पातं बंद म्यानात घालायचं तर म्यानाचं तोंड टोकाइतकं रुंद करावं लागेल, आणि मग मुठीकडचा भाग आत खुळखुळेल. मोकळ्या बाजूमुळे ही अडचण सुटते. दुसरं कारण पाऊस. जिथे वर्षातले कित्येक महिने ओले जातात तिथे बंद म्यानात पाणी साचतं आणि लोखंड आतल्या आत खातं. उघड्या म्यानात ओलं पातं खोचलं तरी वारा लागतो. तिसरं कारण कामाचं. दाओ हे दिवसभराचं हत्यार आहे: झूम म्हणजे फिरत्या शेतीसाठी रान तोडायचं, बांबू फाडायचा, मांस कापायचं, घराची खांबफळी घडवायची. दिवसातून पन्नास वेळा काढायचं आणि घालायचं असेल तर बंद म्यान नकोसं होतं.

कोकणात कमरेच्या आकडीत कोयती अडकवून झाडावर चढणारा गडी ज्यांनी पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. कोडगूमधले कोडव लोकही आपली रुंद कत्ती पाठीमागे पितळी पकडीत उघडीच अडकवतात. हे नागा दाओचे नातेवाईक नाहीत, पण पावसाळी डोंगरातल्या माणसाने एकाच प्रश्नाला दिलेली तीन उत्तरं आहेत, आणि संग्रहात त्यांना शेजारी ठेवलं तर शोभतात.

नागा दाओ कमरेच्या मागच्या बाजूला, पाठीच्या पोकळीत बसतो. मूठ उजव्या हाताला येईल असा. म्यानाला भोकं किंवा खाच असते, तिच्यातून पट्टा जातो. पूर्वेकडचे सिंग्फो आणि म्यानमारमधले त्यांचेच भाईबंद काचिन हे वेताचं कडं करून म्यान खांद्यावरून लटकवतात. मिश्मींच्या म्यानाला कधीकधी केसाळ कातड्याचा पट्टा असतो. म्हणजे टांगायची पद्धत पाहिली तरी अर्धा पत्ता लागतो.

हद्द ठरवा

पहिला निर्णय: कशाचा संग्रह? एका जमातीचा, एका खोऱ्याचा, की एका आकाराचा? माझं मत एका जमातीच्या किंवा दोन शेजारी जमातींच्या बाजूने आहे. दहा जमातींचे दहा दाओ भिंतीवर छान दिसतात, पण त्यातून शिकायला फारसं मिळत नाही. एकाच जमातीचे चार साधे दाओ शेजारी ठेवले की डोळा तयार होतो. मुठीची लांबी, खाचेची खोली, वेताच्या वेढ्यांची पद्धत यातले बारीक फरक दिसू लागतात.

वस्तूंना बांधलेल्या जुन्या चिठ्ठ्या वाचायच्या असतील तर जुनी नावं माहीत हवीत. सेमा म्हणजे आजचे सुमी. अबोर म्हणजे आदी, डफला म्हणजे न्यीशी. ब्रिटिश काळातल्या नोंदींत अशीच नावं सापडतील, आणि लिलावाच्या यादीत अजूनही चुकून वापरली जातात. ‘नागा’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी म्हणजे जवळजवळ काहीच न लिहिलेली. आओ, अंगामी, लोथा, कोन्यक, चांग, फोम, संगताम यांच्या दाओंत फरक असतो आणि तो फरक हाच संग्रहाचा गाभा आहे.

शेजाऱ्यांची ओळख थोडक्यात. गारोंचा मिलाम दुधारी असतो आणि पातं-मूठ लोखंडाच्या एकाच तुकड्यातून घडवलेली असते. तो उघड्या म्यानाच्या घराण्यातला नाही, तरी दुकानदार त्याला ‘नागा तलवार’ म्हणून विकतात. अरुणाचलच्या उत्तर भागात तिबेटमधून व्यापारात आलेली सरळ पाती भेटतात. तैवानमधल्या अतायलांच्या म्यानाला मोकळ्या बाजूवर धातूच्या पट्ट्या असतात, आणि पायवानांच्या म्यानावर माणसाच्या आकृत्या आणि विषारी सापाचं कोरीव काम. लुझोनचे इफुगाओ कमरपट्ट्याला उघड्या लाकडी म्यानात पातं बांधतात. हा सगळा वेगळा अभ्यास आहे. तैवानची आवड लागलीच तर तायपेमधलं शुंग ये संग्रहालय पाहिल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका.

खिशात हात घालण्याआधी डोळे

कोहिमाचं राज्य संग्रहालय, शिलाँगचं डॉन बॉस्को केंद्राचं संग्रहालय, इटानगरचं जवाहरलाल नेहरू संग्रहालय, गुवाहाटीचं आसाम राज्य संग्रहालय. जो ईशान्येला जाणार आहे त्याने यातली दोन तरी शांतपणे पाहावीत. ज्याला इतक्या लांब जाता येत नाही त्याच्यासाठी भोपाळचं मानव संग्रहालय आणि दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय आहेच. दिल्लीच्या संग्रहात मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विनने जमवलेल्या वस्तू आहेत. हा एल्विन १९२७ साली भारतात आला तो आपल्या पुण्यात, ख्रिस्त सेवा संघात. पुढे मध्य भारत आणि मग ईशान्य भारत हीच त्याची कर्मभूमी झाली.

सर्वात उपयोगी जागा मात्र घरबसल्या मिळते. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात जे. एच. हटन आणि जे. पी. मिल्स या दोन प्रशासकांनी नागा टेकड्यांतून पाठवलेला मोठा संग्रह आहे आणि त्याची सूची संगणकावर पाहता येते. त्यातल्या नोंदींना गाव असतं, साल असतं. बाजारातल्या वस्तूला ते क्वचितच असतं. म्हणून नोंद असलेल्या वस्तूंवर डोळा तयार करायचा आणि मग बिननोंदीच्या वस्तू पाहायच्या. हा क्रम उलटला की दुकानदाराच्या गोष्टींवर विश्वास बसायला लागतो.

तपासणी: म्यानापासून सुरुवात

म्यान उजेडात धरा आणि खाचेच्या आत बघा. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य ओलाव्यात भेटले की निळसर काळा डाग पडतो. वर्षानुवर्षं एकच पातं त्या खाचेत राहिलं असेल तर डागाचा आकार पात्याच्या आकाराशी जुळतो: टोकाचा कोन, पाठीची रेघ, रुंदी जिथे वाढते ती जागा. आता पातं खाचेत ठेवा. डाग पात्याच्या कडेबाहेर दिसला, किंवा पातं जिथे टेकतं तिथलं लाकूड कोरं पांढरं निघालं, तर म्यान आणि पातं नंतर जुळवलेले आहेत. बाजारात अशी जोडपी भरपूर आहेत. घेऊ नये असं नाही, पण भाव जोडीचा देऊ नये.

यात एक बारकावा आहे. धार लावून लावून पातं अरुंद होतं, त्यामुळे धारेच्या बाजूला डाग पात्यापेक्षा थोडा रुंद असणं स्वाभाविक आहे. पाठीच्या बाजूला मात्र तो जुळलाच पाहिजे, कारण पाठ कोणी घासत नाही.

पुढे खाचेच्या तोंडाची कड बघा. पातं आत-बाहेर होताना एका ठरावीक जागी घासतं, तिथे लाकूड गुळगुळीत होऊन थोडं खोलगट झालेलं असतं. बनावट म्यानावर ही झीज सगळीकडे सारखी दिसते, कारण ती कानशीने केलेली असते. मग म्यानाची पाठ, म्हणजे माणसाच्या अंगाला लागणारी बाजू. घामाने आणि कापडाने घासून ती चकाकते. बाहेरची बाजू तेवढी चकाकत नाही. दोन्ही बाजूंना सारखीच चमक असेल तर बुटाच्या पॉलिशचा संशय घ्या आणि कोरड्या पांढऱ्या कापडाने एक कोपरा पुसून पाहा.

पट्ट्याची भोकंही बोलतात. पट्टा ज्या दिशेने ओढला जातो त्या बाजूची कड झिजते, दुसरी धारदार राहते. भोकाच्या सगळ्या कडा ताज्या असतील तर ते म्यान कमरेला कधी बांधलेलं नाही.

आता वेत. जुना वेत मधाच्या रंगाचा, पुढे तपकिरी होतो आणि वाकवला तर तुटतो, म्हणून वाकवून बघायचा नाही. वेढ्यांच्या फटीत धूळ आणि धुराचा थर असतो. नागा घरात चूल मधोमध असते आणि वस्तू तिच्यावरच्या धुरात राहतात, त्यामुळे खऱ्या वापरातल्या वस्तूवर धुराचा चिकट काळेपणा असतोच. तो फटींत जास्त आणि उंचवट्यांवर कमी असतो. काजळी फासलेली असेल तर उंचवटेही तेवढेच काळे दिसतात.

यानंतर पातं. नागा दाओची धार बहुधा एकाच बाजूने घासलेली असते: एक बाजू सपाट, दुसरी उतरती. बोट न लावता, आडव्या उजेडात ती पाहा. आधी लांब उतार आणि शेवटी अगदी कडेला आणखी एक बारीक उतार दिसला तर हत्यार दगडावर पुन्हापुन्हा लावलेलं आहे. वापरणारा ज्या भागाने तोडतो तिथे धार किंचित आत गेलेली असते. ग्राइंडरच्या समांतर, खरखरीत रेघा दिसल्या तर पातं नवं आहे किंवा कोणीतरी नुकतंच ‘स्वच्छ’ केलेलं आहे. दुसरी शक्यता पहिलीपेक्षा वाईट.

घडणीच्या वेळी लोहाराने पाणी दिलेलं असतं ते धारेच्या पट्ट्यालाच, सगळ्या पात्याला नाही. घासलेल्या पात्यावर कधीकधी ही हद्द अंधुक रेषेसारखी दिसते. दिसलीच पाहिजे असं नाही, आणि ती दिसावी म्हणून पात्यावर आम्ल लावणं हा गुन्हाच समजा.

मूठ शेवटी. पात्याची शेपटी लाकडात ठोकून, लाखेने किंवा राळेने पक्की केलेली असते आणि तोंडाशी वेताचा किंवा धातूचा वेढा असतो. मुठीसाठी बांबूचं मूळ चांगलं मानतात. त्याच्या गाठी हाताला छान बसतात. पातं आणि मूठ यांच्या सांध्यात कडक, नवा भराव दिसला तर ते बहुधा एम-सील आहे. गावातल्या माणसानेही सैल मूठ एम-सीलने बसवलेली असू शकते, म्हणून लगेच नाक मुरडू नका. दुरुस्ती ही वापराची खूण आहे. फक्त तिचा भाव वेगळा.

सजावट: इथेच फसगत होते

साध्या दाओला बनावट करण्यात कोणाला रस नसतो, कारण त्यात पैसा नाही. फसवणूक होते ती सजवलेल्या दाओत. लांब मुठीवर लाल रंगवलेल्या बकरीच्या केसांचे झुपके, लाल वेत आणि पिवळ्या ऑर्किडच्या देठांची विणकाम-पट्टी, कसई या गवताच्या दाण्यांचे पांढरे मणी, कवड्या. हे सगळं खऱ्या नागा कामात आहे, आणि हेच सगळं पर्यटकांसाठीही बनतं.

केसांचा एक तंतू सुटलेला असेल तर तो वस्तूपासून दूर जाळून पाहा. खरा केस जळक्या केसाचा वास देतो आणि राख होतो. नायलॉन वितळून गोळी होते. लाल रंगही बघा. जुना वनस्पतीजन्य लाल उजेडाकडच्या बाजूला विटतो, झुपक्याच्या आत गडद राहतो. ऑर्किडच्या देठाऐवजी पिवळी प्लास्टिकची पट्टी वापरलेली असते, ती नखाने ओळखू येते. नारळाच्या दोऱ्यासारखा पिवळा नायलॉन दोरा आत लपवलेला सापडला तर पुढे तपासायची गरज नाही.

दर डिसेंबरच्या १ ते १० तारखेला कोहिमाजवळच्या किसामा इथे हॉर्नबिल महोत्सव भरतो. २००० साली तो सुरू झाला. तिथे नवे दाओ मिळतात, आणि त्यातले काही उत्तम असतात. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं लोखंड वापरून घडवलेलं पातं बनावट ठरत नाही. आजचा नागा शेतकरीही तेच वापरतो. नवा दाओ नवा म्हणून, घडवणाऱ्या लोहाराच्या नावासकट घ्या. तो उद्याच्या संग्राहकासाठी नोंद असलेली वस्तू आहे, आणि ‘शंभर वर्षांचा’ म्हणून विकलेल्या खोट्यापेक्षा शतपटीने बरा. आओंच्या भागात लोखंडाच्या पातळ पट्ट्या पूर्वी चलन म्हणूनही चालत. त्यांना चाबिली म्हणतात. अशी धार नसलेली लोखंडी पट्टी भेटली तर तिला अपुरा दाओ समजून टाकून देऊ नका.

कायद्याची बाजू

हा भाग कंटाळवाणा आहे आणि तरीही वगळता येत नाही.

शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांच्यानुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. दाओ नेमका या दोन्हीच्या मध्ये बसतो. नागा शेतकऱ्याच्या कमरेला तो अवजार आहे, पुण्यातल्या दिवाणखान्यात तो काय आहे हे पाहणाऱ्या अधिकाऱ्यावर ठरतं. धारदार शस्त्र बाळगण्यासाठी परवाना लागतो की नाही हे त्या भागासाठी कलम ४ खाली अधिसूचना आहे की नाही यावर अवलंबून असतं. म्हणून आपल्या पोलीस ठाण्यात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या. ते उत्तर संग्रहाच्या फायलीत पहिल्या पानावर ठेवा. महाराष्ट्रात पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली सार्वजनिक ठिकाणी शस्त्र बाळगण्यावर वेळोवेळी मनाई आदेश निघतात, तेव्हा प्रदर्शनाला दाओ नेताना तो बांधून, कुलपाच्या पेटीत, कागदांसह न्या.

शंभर वर्षं किंवा अधिक जुनी वस्तू पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम १९७२ खाली येते. ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशात राहणाऱ्या भावाला किंवा मुलीला जुना दाओ भेट पाठवायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. वस्तू जुनी नाही असं वाटत असेल तरी पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांकडून तसं प्रमाणपत्र आधी घ्या. उलट दिशेने, म्हणजे परदेशातल्या लिलावातून भारतात आणताना, शस्त्र अधिनियमाचं कलम १० आयातीसाठी परवाना मागतं. पार्सल सीमाशुल्काच्या गोदामात अडकल्यावर धावाधाव करण्यापेक्षा बोली लावण्याआधी विचारलेलं बरं.

सर्वात कडक कायदा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२. धनेशाची चोच आणि पिसं, हस्तिदंत, वाघ-बिबट्याचे दात, नखं, कातडं, अस्वलाची फर. जुन्या म्यानांवर आणि पट्ट्यांवर यातलं काहीही असू शकतं. ‘हे आजोबांच्या काळातलं आहे’ हा बचाव चालत नाही. मला विचाराल तर असा तुकडा कितीही देखणा असला तरी तिथेच नमस्कार करावा. बकरीचे केस, रानडुकराचे म्हणून दाखवलेले दात, मिथुन या ईशान्येकडच्या बैलासारख्या जनावराचं शिंग यांबाबतही तज्ज्ञाकडून खातरी करून घ्या. डुकराच्या दाताच्या नावाखाली भलतंच काही निघू शकतं.

प्रवासाचं सांगतो. नागालँडसाठी राज्याबाहेरच्या भारतीयांना इनर लाइन परवाना, म्हणजे राज्यात शिरायची सरकारी परवानगी, लागतो, आणि डिसेंबर २०१९ पासून दिमापूरही त्यात आलं आहे. विमानात पातं हातातल्या सामानात जाणार नाही. सोपवायच्या सामानात, धार पुठ्ठ्यात गुंडाळून, वस्तूच्या खरेदीच्या पावतीसह ठेवा.

घेताना, आणि न घेताना

जुन्या वस्तू तीन वाटांनी बाजारात येतात. एक, ब्रिटिश अधिकारी, मिशनरी आणि दुसऱ्या महायुद्धातले सैनिक यांनी नेलेल्या. १९४४ च्या कोहिमाच्या लढाईनंतर कितीतरी दाओ इंग्लंडला गेले, आणि बर्माच्या आघाडीवरून काचिन पाती अमेरिकेत. या वस्तूंबरोबर कधी पत्र, फोटो, पलटणीचं नाव असतं. त्या कागदांना पात्याइतकं महत्त्व द्या. दोन, शहरातले दुकानदार. तीन, गाव.

दुकानदाराला तीनच प्रश्न विचारा: कोणत्या गावातून, कधी, आणि म्यान याच पात्याचं आहे का? तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ असं ठामपणे सांगणाऱ्यासमोरच वर सांगितलेली डागाची तपासणी करा. चांगला दुकानदार त्यात रस घेतो. घाई करणारा तुमच्या कामाचा नाही.

गावात रीत वेगळी. पाहुणा म्हणून गेल्यावर भिंतीवरच्या दाओची किंमत विचारणं असभ्यपणाचं आहे. तो कुणाच्या तरी वडिलांचा असतो, लग्नात दिलेला असतो. त्याची हकीकत विचारा, फोटोची परवानगी मागा, मापं घेऊ का ते विचारा. घरच्यांनी आपणहून विकायची इच्छा दाखवली तरी घरातल्या वडीलधाऱ्यांची संमती असल्याची खातरी करा. मला तर वाटतं की चांगला फोटो, मापं आणि घरच्यांनी सांगितलेला इतिहास हे विकत घेतलेल्या निनावी दाओपेक्षा मोठं धन आहे, आणि त्याच्यासाठी कोणाचं घर रिकामं करावं लागत नाही.

मानवी अवशेष असलेली वस्तू मात्र कोणत्याही कारणाने घेऊ नये. नागा समाजात शिरच्छेदाची प्रथा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत संपत आली, पण तिच्या खुणा संग्रहांत राहिल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या एका लिलावात शिंगं लावलेली नागा कवटी विक्रीला आली. नागालँडचे मुख्यमंत्री नेफ्यू रिओ यांच्यासह अनेकांनी विरोध केल्यावर ती मागे घेतली गेली. पिट रिव्हर्सनेही २०२० साली मानवी अवशेष प्रदर्शनातून काढले. दाओला बांधलेले केस माणसाचे आहेत अशी जाहिरात करणारा दुकानदार दिसला तर ते खरं असो वा खोटं, तिथून निघा.

घरी आणल्यावर

पहिल्या दिवशी काहीही साफ करू नका. सगळे फोटो काढून झाल्यावर म्यान आणि पातं वेगळं करा, आणि पावसाळ्यात तरी वेगळंच ठेवा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत लाकडातला ओलावा आणि टॅनिन मिळून पात्याचा गंज वाढवतात. उघडं म्यान वाऱ्यात राहण्यासाठी आहे, बंद कपाटात ओलावा कोंडू देऊ नका.

गंजाचे दोन प्रकार ओळखा. काळा-तपकिरी, घट्ट बसलेला थर हा पात्याचं वय आणि त्याचं संरक्षणही आहे. त्याला हात लावायचा नाही. केशरी, भुसभुशीत, पांढऱ्या कापडावर उतरणारा गंज मात्र चालू आहे. त्यावर शिलाई मशीनचं तेल लावून काही तास ठेवा, बांबूच्या कामटीने हलकेच खरवडा, पुसा, गरज पडली तर पुन्हा करा. लिंबू, चिंच, व्हिनेगर, सँडपेपर, ग्राइंडर यांतलं काही नको. पितळेच्या पट्ट्यांना पितांबरीही नको. वर्षानुवर्षांचा मऊ रंग एका दुपारीत जातो आणि तो परत आणता येत नाही. शेवटी पात्यावर तेलाचा अगदी पातळ हात किंवा मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा थर. तेल म्यानाला, वेताला, केसांना लागू देऊ नका. पातं हातात घेताना सुती हातमोजे वापरा, घामातलं मीठ बोटांचे ठसे गंजवतं.

खंडेनवमीला संग्रहातल्या हत्यारांची पूजा करायची आपली रीत चांगली आहे. फक्त ओली हळद आणि कुंकू पात्यावर किंवा वेतावर नको. पाटावर पान-सुपारी मांडून तिला हळदकुंकू वाहिलं तरी पूजा पोचते.

म्यानातून बारीक पीठ पडायला लागलं तर लाकडात भुंगेरे आहेत. म्यान प्लास्टिकच्या हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ ते २० अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. वस्तू खोलीच्या तापमानाला आली की मगच, नाहीतर तिच्यावर पाणी सुटतं. मूठ मात्र फ्रीजरमध्ये घालू नका, थंडीने लाख तडकते. आणि परदेशी संग्रहातून आलेल्या जुन्या केसाळ वस्तू हाताळल्यावर हात धुवा. पूर्वी कीड मारायला त्यांच्यावर आर्सेनिक लावत असत.

कपाटात सिलिका जेलच्या पुड्या आणि स्वस्तातलं आर्द्रतामापक ठेवा. ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर लोखंड आणि लाकूड दोघांचंही जमतं. फार कोरडं झालं तर वेत आणि लाकूड फाटतं. थेट ऊन आणि प्रखर दिवे टाळा, केसांचा लाल रंग त्यानेच जातो.

वही

प्रत्येक दाओला एक पान. एकूण लांबी, पात्याची लांबी, मुठीजवळची आणि टोकाजवळची रुंदी, पाठीची जाडी, वजन. सपाट बाजू उजवी की डावी. म्यानाचं लाकूड ओळखता आलं तर त्याचं नाव, नसेल तर रंग आणि वजन. म्यानाच्या खाचेचा, पाठीचा, भोकांचा जवळून फोटो, शेजारी पट्टी ठेवून. कोणाकडून घेतला, काय हकीकत सांगितली, ती तुम्हाला पटली की नाही. हकीकत आणि तुमचं मत वेगवेगळ्या शाईत लिहा, म्हणजे पुढच्या वाचणाऱ्याला कोण बोलतंय हे कळेल.

म्यानाला आणि पात्याला वेगवेगळ्या सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधा: एकच क्रमांक, पुढे म्यानासाठी ‘अ’ आणि पात्यासाठी ‘ब’. कपाट बदलताना, घर बदलताना किंवा वारसदारांच्या हाती गेल्यावर जोड्या मोडतात त्या अशा चिठ्ठ्या नसल्यामुळेच. शेवटच्या पानावर संग्रह कोणाकडे जावा ते लिहून ठेवा. एखाद्या संग्रहालयाला द्यायचा असेल तर तिथल्या अभिरक्षकाशी आधीच बोला, कारण वही आणि परवानगीचे कागद नसलेली वस्तू तेही सहसा घेत नाहीत.